लेझर पॉइंटर : प्रवाशांची सुरक्षितता व कायदा – वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

अध्यापनक्षेत्रात पॉवरपॉइंटचा प्रसार झाल्यापासून लेझर पॉइंटर हे उपकरण प्राध्यापकांच्या खिशात खडूच्या जागी येऊन बसले आहे. त्याच उपकरणाची खेळण्यातील भावंडे यात्रांतून आणि रस्त्याकडेच्या पथाऱ्यांवर अल्प किमतीत मिळतात. नवरात्रात विरारच्या जीवदानी गडाच्या पायथ्याशी किंवा नाताळच्या दिवसांत वसईच्या बाजारात फेरफटका मारल्यास त्याची प्रचीती येते. वस्तू एकच असली तरी एकीकडे ती शैक्षणिक साधन मानली जाते, तर दुसरीकडे खेळणे. ती धोकादायक प्रकाशस्रोत आहे, हा तिसरा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात हा तिसरा विचार प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या अनुषंगाने मांडला आहे.

लेझर प्रकाशाचे स्वरूप :

थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला लेझर कार्यान्वित केला. सामान्य दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, लेझरचा झोत मात्र अत्यल्प पसरतो. डोळ्याचे भिंग अशा जवळजवळ समांतर किरणांना दृष्टिपटलावरील अतिसूक्ष्म बिंदूत एकवटते. त्यामुळे बाहुलीवर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता दृष्टिपटलावर सुमारे लाखपट होऊ शकते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार दृश्य प्रकाशाच्या वर्ग 2 मधील लेझरची शक्ती 1 मिलिवॅटपर्यंत असते व साधारण पाव सेकंदात पापणी मिटण्याची नैसर्गिक प्रतिक्रिया त्यापासून पुरेसे संरक्षण देते. वर्ग 3आर मध्ये ही मर्यादा 5 मिलिवॅट, तर वर्ग 3बी मध्ये 500 मिलिवॅट आहे. त्यापुढील वर्ग 4 चा झोत त्वचा भाजू शकतो. अशा वेळी पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते.

वेष्टनावरील अंकावर विसंबावे, तर तीही सोय नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2013 मध्ये 122 पॉइंटर तपासले असता हिरव्यांपैकी सुमारे 90 टक्के व लाल रंगांच्यापैकी 44 टक्के तेथील सुरक्षा नियमांत बसले नाहीत. हिरव्या पॉइंटरमध्ये मुळात अवरक्त किरण निर्माण होतात व स्फटिकांच्या साहाय्याने त्यांचे हिरव्या प्रकाशात रूपांतर केले जाते. स्वस्त उपकरणात अवरक्त किरण अडविणारी गाळणी गाळली जाते. परिणामी न दिसणारा झोतही बाहेर पडतो व त्याला पापणी प्रतिसाद देत नाही. प्रस्तुत लेखकाने वर्गात काही वर्षे वापरलेल्या हिरव्या पॉइंटरवर वर्ग व शक्ती यांचा कोणताही उल्लेख नव्हता. एका चर्चासत्रात विद्यार्थ्याच्या हातून त्याचा झोत लोखंडी कपाटाच्या हँडलवर पडून पुढच्या बाकावर परावर्तित झाला. इजा झाली नाही. परंतु लेबल वाचण्याची सवय तेव्हापासून लागली, हे येथे नमूद करणे वावगे ठरू नये.

अंतर व तीव्रता यांचे गणित :

‘एवढासा दिवा विमानाला काय करणार?’ हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. पॉइंटरचा झोत साधारणतः 1 मिलिरेडियन पसरतो असे मानल्यास 1 किलोमीटरवर त्याचा व्यास 1 मीटर होतो. 5 मिलिवॅट शक्ती या वर्तुळावर वाटली गेल्यास प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 640 नॅनोवॅट एवढी तीव्रता मिळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धावपट्टीलगतच्या लेझरमुक्त क्षेत्रासाठी 50 नॅनोवॅटची मर्यादा घातली आहे. म्हणजे एक किलोमीटरवरूनही किरकोळ पॉइंटर ही मर्यादा बारापटींहून अधिक ओलांडतो आणि तीन किलोमीटरवर, झोताचा व्यास 3 मीटर झाल्यावरही, सुमारे 70 नॅनोवॅट शिल्लक राहतात. हातात ठिपक्याएवढा दिसणारा प्रकाश तोवर कॉकपिटची काच व्यापण्याइतका पसरलेला असतो. काचेवरील बारीक ओरखडे तो आणखी विखुरतात.

एवढ्या अंतरावर दृष्टिपटल जळण्याचा संभव नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धोका वेगळा आहे. अंधाराला सरावलेले डोळे क्षणभर दिपतात, झोत गेल्यावरही डाग तरळत राहतो आणि लक्ष विचलित होते. विमान उतरण्याच्या अखेरच्या मिनिटांत वैमानिकाजवळ हे काही क्षण उधार देण्याइतके नसतात. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने त्याच शक्तीचा हिरवा झोत लाल झोताच्या सुमारे आठपट प्रखर भासतो.

रूळ, खाडी आणि महामार्ग :

या विषयावरील बहुतेक चर्चा विमानाभोवती फिरते. वसई-विरारच्या नित्य प्रवाशाचा संबंध मात्र विमानापेक्षा लोकलशी अधिक. नालासोपारा-विरार पट्ट्यात रुळांना लागून इमारती व चाळी दाटीने उभ्या आहेत. गच्चीवरील मुलाच्या हातातील पॉइंटर आणि येणारी गाडी यांत कित्येकदा शंभर मीटरचेही अंतर नसते. वरील सूत्रानेच पाहिल्यास त्या अंतरावर झोताचा व्यास जेमतेम दहा सेंटिमीटर राहतो आणि तीव्रता किलोमीटरवरील तीव्रतेच्या शंभरपट होते. मोटरमनला रात्री सिग्नलचा रंग ओळखावयाचा असतो. दिपलेल्या डोळ्यांनी तो ओळखणे म्हणजे हजारो प्रवाशांचा भार अंदाजावर सोपविणे होय. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील ट्रकचालक, 2024 मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो बोटीचा चालक किंवा पहाटे अर्णाळ्याहून निघणारा मच्छीमार यांनाही हेच लागू पडते.

महाराष्ट्रातील अनुभव व कायद्याची स्थिती :

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव झाली ती प्रवासातून नव्हे, तर मिरवणुकांतून. 2023 च्या गणेशोत्सवात कोल्हापूर व नाशिक येथे मिरवणुकीतील प्रखर लेझर दिव्यांमुळे तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या घटना पुढे आल्या. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवाच्या काळात अशा दिव्यांवर मनाई केली. त्याच वर्षी एका ग्राहक संघटनेची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली असता या दिव्यांविषयी स्वतंत्र कायदा नसल्याचे स्पष्ट झाले व न्यायालयाने भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 कडे लक्ष वेधले.

सदर कलमानुसार दुसऱ्याचे जीवित वा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बेदरकार वा निष्काळजी कृत्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गंभीर दुखापत झाल्यास कारावास तीन वर्षांपर्यंत वाढतो, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पोलिसांचे मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. ते सामान्यतः दोन महिन्यांहून अधिक काळ टिकत नाहीत, म्हणून सणागणिक नव्याने काढावे लागतात. विमानांबाबत 1937 च्या विमान नियमांत फसव्या दिव्यांची तरतूद आहे. परंतु 2023 च्या दुरुस्तीपूर्वी तिची मांडणी केवळ दिव्याच्या मालकास नोटीस देऊन तो विझविण्यास सांगण्याची होती. खिशात मावणाऱ्या आणि क्षणात विझणाऱ्या दिव्याच्या मालकास नोटीस बजावावी तरी कोठे, हा प्रश्न तेव्हा उरत असे.

रेल्वेच्या बाबतीत स्थिती बरी आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 153 मध्ये हेतुपुरस्सर कृत्याने प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, तर कलम 154 मध्ये निष्काळजी कृत्यास एक वर्षापर्यंत कारावास आहे. ‘लेझर’ हा शब्द तेथे नाही, तथापि कलमांची भाषा पुरेशी व्यापक आहे. उणीव आहे ती विक्रीच्या नियमनात. भारतीय मानक ब्युरोचे लेझर सुरक्षेचे मानक आयएस 14624 अस्तित्वात असूनही पथारीवरील पॉइंटरपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी :

आपल्याकडील मोकळीक परदेशात गृहीत धरणे महागात पडू शकते. परिषदांना जाणाऱ्या अध्यापकांच्या बॅगेत पॉइंटर असतोच, म्हणून हा तपशील देत आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2019 च्या नियमांनी सर्वांत सौम्य वर्ग 1 खेरीज अन्य पॉइंटरवर बंदी आणली. वर्गात सर्रास वापरला जाणारा वर्ग 2 चा पॉइंटरही तेथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात 1 मिलिवॅटहून अधिक शक्तीचा पॉइंटर परवानगीविना नेता येत नाही, आणि न्यू साउथ वेल्स राज्यात तो निषिद्ध शस्त्रांत गणला जातो. अमेरिकेत विमानावर झोत रोखणे हा 2012 पासून पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. तरीही तेथील विमान वाहतूक प्रशासनाकडे 2023 या एकाच वर्षात 13,304 घटनांची नोंद झाली. ब्रिटनचा 2018 चा कायदा मात्र प्रस्तुत लेखकास अधिक समंजस वाटतो. त्यात विमानाबरोबर आगगाडी, बस, जहाज अशा सर्व वाहनांचा समावेश आहे व चालकाचे डोळे दिपणे वा लक्ष विचलित होण्याचा संभव असणे एवढे गुन्ह्यास पुरते. हेतू सिद्ध करीत बसावे लागत नाही. खाडी, लोहमार्ग व महामार्ग एकत्र असलेल्या आपल्या परिसरास असाच नमुना उपयुक्त ठरेल.

झोत डोळ्यांवर आल्यास :

प्रवाशाने अशा वेळी झोताचा उगम शोधण्यासाठी त्याकडे पाहू नये. मान वळवावी, डोळे चोळू नयेत. काही तासांनंतरही मध्यभागी डाग किंवा धूसरपणा राहिल्यास नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची ओसीटी तपासणी करून घ्यावी. वेदना नसणे ही इजा नसल्याची खूण नव्हे, कारण दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसते. धावत्या लोकलवर झोत पडताना दिसल्यास रेल्वेच्या 139 या क्रमांकावर, व रस्त्यावर असे घडल्यास 112 वर कळवावे. कळविताना कोणत्या दोन स्थानकांच्या दरम्यान, रुळांच्या पूर्वेस की पश्चिमेस आणि किती वाजता, एवढे सांगितले तरी सुरक्षा दलाला नेमकी इमारत शोधणे सुकर होते.