साखरेचा दाणा ते क्ष-किरण: स्फटिकशास्त्रात पीएचडी करावी का?

सुट्टीत दौंडला आले की प्रश्न ठरलेला असतो, "तू नेमकं करतेस काय?" स्फटिकशास्त्र, म्हणजे क्रिस्टलोग्राफी, असं सांगितलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे रत्नं-बित्नं का?" मग मी साखरेपासून सुरुवात करते. पाटस आणि न्हावऱ्याचे साखर कारखाने आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत.

कारखान्यात पॅनमन पाकाला आटवतो, त्यात बारीक दाण्याचं बी सोडतो आणि मधूनमधून नमुना काचेवर घेऊन दाणा बघतो. पाक फार घाईत आटला तर आहे तो दाणा वाढायच्या ऐवजी नवीन भुकटी पडते. प्रयोगशाळेत आमचंही हेच चालतं, फक्त आम्हाला पोती नकोत, एकच निर्दोष दाणा हवा. साधारण 0.2 मिलिमीटरचा असला तरी पुरतो. तो मिळायला कधी दोन दिवस लागतात, कधी सहा महिने.

दाणाच कशाला? कारण स्फटिकात रेणू एकाच रचनेत पुन्हा पुन्हा मांडलेले असतात. अणूंमधलं अंतर साधारण 0.15 नॅनोमीटर, तर दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. म्हणजे सूक्ष्मदर्शकाने अणू दिसणं शक्यच नाही. तांब्याच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र 0.154 नॅनोमीटर असते. स्फटिकातून क्ष-किरण ठरावीक दिशांना विखुरतात, हे 1912 साली माक्स फॉन लाउए यांच्या गटाने दाखवलं. पुढच्याच वर्षी ब्रॅग पिता-पुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढल्या.

आता खरी अडचण. डिटेक्टरवर ठिपके मिळतात आणि प्रत्येक ठिपका किती ठळक आहे ते मोजता येतं. पण त्या लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे होत्या, म्हणजे त्यांची फेज, ती हरवते. लेझीम किती जोरात वाजली ते ऐकू आलं, पण कुणाचा ठेका आधी आणि कुणाचा नंतर ते कळलं नाही, तसंच काहीसं. ही माहिती गणिताने परत मिळवण्याच्या पद्धतीसाठी हाउप्टमन आणि कार्ल यांना 1985 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज लहान रेणूंसाठी हे काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत करतं.

मग आपण काय करायचं? शंका घ्यायची. पहिल्या वर्षी मी एका अमाइडची रचना सोडवली. आर-फॅक्टर, म्हणजे मोजमाप आणि मॉडेल यांतला फरक, 5 टक्क्यांच्या आसपास आला. मी खूश! गाईडनी विचारलं, "हायड्रोजन बंध तपासलेस?" तपासले, तर शेजारच्या दोन रेणूंचे हायड्रोजन एकमेकांवर आदळत होते. मी नायट्रोजन आणि ऑक्सिजन उलटे बसवले होते. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. नायट्रोजनकडे 7 आणि ऑक्सिजनकडे 8, त्यामुळे हा फरक आकड्यात सहज लपतो. ती रचना तशीच छापली असती, तर दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर भरवसा ठेवून पुढचं काम केलं असतं.

अशा तपासणीवर किती अवलंबून असतं ते रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधाने दाखवलं. ते 1996 साली बाजारात आलं आणि 1998 मध्ये कॅप्सूलमध्ये त्याचा नवाच स्फटिक-प्रकार दिसू लागला. रेणू तोच, मांडणी वेगळी, आणि विरघळणं खूपच कमी. कॅप्सूल बाजारातून काढून औषध नव्या स्वरूपात बनवावं लागलं. म्हणूनच औषध कंपन्या पावडरचा क्ष-किरण आलेख तपासतात.

करिअरबद्दल स्पष्ट सांगते: "क्रिस्टलोग्राफर पाहिजे" अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पण हे कौशल्य औषधनिर्मिती, बॅटरी, सिमेंट, प्रथिनं, खनिजं सगळीकडे लागतं. कुरकुंभ एमआयडीसीत औषधी रसायनांचे कारखाने आहेत. शिरूरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या वाघोलीच्या दगडखाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. संशोधनासाठी पुण्यात एनसीएल आणि आयसर आहेत, इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे. एमएस्सी रसायन, भौतिक, जैवतंत्रज्ञान किंवा भूशास्त्र, कुठूनही येता येतं. नेट किंवा गेटची तयारी करताना सममिती आणि फूरिए हे विषय मात्र टाळू नका.

अर्ज भरायच्या आधी एक करा. किराणा दुकानातून तुरटी आणा, गरम पाण्यात विरघळवा, एक छोटा खडा दोऱ्याने त्यात सोडा आणि कागदाने झाकून आठवडाभर हलवू नका. सोबत मर्क्युरी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्याची मोफत आवृत्ती आहे, आणि एखादी छापलेली रचना उघडून हायड्रोजन बंध स्वतः मोजा. वाट बघणं आणि तपासत बसणं, ही दोन्ही कामं कंटाळा न येता जमली, तर या विषयात तुमचं मन लागेल.