मोटारसायकलीच्या ब्रेकचा कॅलिपर कसा ओळखावा?

परभणी जिल्ह्यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. शेतावर, कचेरींत, जिंतूर-गंगाखेडच्या आप्तांकडे घरांतील मंडळी तिच्यावरूनच जातात. पुढें एखादें मूल व मागें गृहिणी, असें चित्र तर नेहमींचेंच. या साऱ्यांचा जीव पुढच्या चाकाजवळील एका लहानशा धातूच्या चिमट्यावर अवलंबून असतो. त्यासच कॅलिपर म्हणतात.

चाकाबरोबर एक पोलादी तबकडी फिरते. ब्रेक दाबतांच तेलाच्या दाबानें कॅलिपरांतील पिस्टन पुढें सरकतो आणि तबकडी दोन पॅडांमध्यें चिमटली जाते. हें काम करणाऱ्या कॅलिपरांच्या मुख्य जाती दोन.

पहिली जात सरकत्या कॅलिपरची. हवेनें थंड होणाऱ्या आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींस हाच असतो. यांत पिस्टन एकाच बाजूस असून सारा सांगाडा दोन पिनांवर सरकतो व पलीकडील पॅड ओढून घेतो. पिनांवरील रबरी टोप्या ही याची खूण. दुसरी जात स्थिर कॅलिपरची. हा घट्ट आवळलेला असून पिस्टन दोन्ही बाजूंस असतात. चाकणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या व २०१३ सालीं आलेल्या केटीएम ३९० ड्यूक गाडीस पुढें असाच चार पिस्टनांचा कॅलिपर आहे.

हा भेद आपल्या काळ्या जमिनीच्या मुलखांत फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यांत चाकांस चिकटणारा चिखल वाळला कीं त्याची धूळ होते. रबरी टोपी फाटलेली असल्यास ती पिनांत शिरते, पिना अडकतात आणि पिस्टनकडील पॅड लौकर झिजतो. एक पॅड जाड व दुसरा पातळ दिसला, तर केवळ नवे पॅड घालून भागत नाहीं. सरकत्या कॅलिपरांत पिना साफ करून ब्रेकसाठींच असलेलें ग्रीस लावावें लागतें. स्थिर कॅलिपरांत अडकलेला पिस्टन शोधावा लागतो.

बाह्य रूपावर विसंबणें किती फसवें, हें जर्मनीच्या जुन्या पोर्शे ९११ मोटारीवरून कळतें. हिचेंही इंजिन हवेनेंच थंड होई. तिच्या पुढील एम आणि एस या दोन्ही जातींच्या कॅलिपरांतील पिस्टन ४८ मिलिमीटरचेच. पण बोल्टांच्या भोकांमधील अंतर एममध्यें सुमारें ७६, तर एसमध्यें सुमारें ८९ मिलिमीटर. १९६९ सालच्या ९११ एसबरोबर आलेला एस ॲल्युमिनियमचा. मागाहून आलेला ए त्याच मापाचा, परंतु बिडाचा. या दोहोंतील फरक साधा लोहचुंबकही सांगतो.

म्हणून सुटा भाग आणतांना गाडीचें नांव व सालच सांगून थांबूं नये. जुना पॅड बरोबर न्यावा, कॅलिपरवर कोरलेलें निर्मात्याचें नांव उतरून घ्यावें, पिस्टनांची संख्या मोजावी आणि भोकांतील अंतर पट्टीनें पाहावें. ब्रेकच्या तेलाची जात टाकीच्या झांकणावर लिहिलेली असते, तीच आणावी. एवढी पांच मिनिटांची तपासणी घरांतील शाळकरी मुलासही शिकवितां येईल. कॅलिपर उघडण्याचें काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.