क्षपण : मिळवूनही कमी कसे?

रसायनशास्त्रातले एक वाक्य तुम्हांला पाठ असेल : इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण. आता 'क्षपण' या शब्दाकडे जरा नीट पाहा. क्षय, क्षीण या शब्दांच्याच कुळातला हा शब्द. त्याचा अर्थ कमी करणे. मग जे इलेक्ट्रॉन मिळवते त्याचे क्षपण झाले असे का म्हणायचे?

याचे उत्तर मिळते लोखंडाच्या भट्टीत. हेमॅटाइट हे लोखंडाचे खनिज कोकणात रेडी येथे आणि गोव्यात सापडते. त्यात लोह ऑक्सिजनशी जखडलेले असते. १६० ग्रॅम शुद्ध हेमॅटाइट घेतले, तर त्यातून लोह मिळते ११२ ग्रॅम. उरलेला ४८ ग्रॅम ऑक्सिजन निघून जातो. म्हणजे वजन घटले! म्हणून हे क्षपण. इंग्रजीतला 'रिडक्शन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ मात्र 'परत आणणे' असा आहे. खनिजातून धातू परत आणला, हा अर्थही येथे चपखल बसतो.

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि पुढे व्याख्या व्यापक झाली. वितळलेल्या मिठातून वीज सोडली की सोडियम धातू मिळतो. येथे ऑक्सिजनचा पत्ताच नाही, तरीही हे क्षपणच. मग येथे कमी काय झाले? इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो. तो मिळाला की सोडियमचा भार अधिक एकवरून शून्यावर येतो. हेमॅटाइटमधल्या लोहाचा ऑक्सिडीकरणांकही अधिक तीनवरून शून्यावर उतरतो. इलेक्ट्रॉन वाढले, पण अंक घटला. आपला जुना शब्द खोटा ठरला नाही!

पण खनिजातला ऑक्सिजन जातो कोठे? तो कोणीतरी घ्यावा लागतो. जो घेतो तो क्षपणक. झोतभट्टीत हे काम मुख्यतः कोकपासून बनलेला कार्बन मोनॉक्साइड करतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड बनतो. हिशेब करून पाहा : ११२ ग्रॅम लोहामागे १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड! लोखंडाहून धूरच भारी. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंत पोलाद-कारखान्यांचा वाटा मोठा आहे, तो यामुळेच.

क्षपणक बदलला तर? हायड्रोजन वापरला, तर तेवढ्याच लोहामागे ५४ ग्रॅम पाणी तयार होते, कार्बन डायऑक्साइड मुळीच नाही. स्वीडनमध्ये अशा रीतीने मिळवलेल्या लोहाचे पोलाद २०२१ मध्ये तयार झाले. अट एकच : तो हायड्रोजन कोळसा किंवा नैसर्गिक वायू न वापरता मिळवला पाहिजे. त्यासाठी सूर्य, वारा किंवा पाणी यांपासून मिळालेल्या विजेने पाण्याचे विघटन करावे लागते आणि ती वीज पुष्कळ लागते.

खनिजाचे क्षपण माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. आता त्या धुराचेही 'क्षपण' करायचे आहे.