शिट्टी हाती देण्यापूर्वी

जूनमध्ये शाळा उघडतात आणि अनेक ठिकाणी पी.टी.चे नवे सर किंवा नव्या बाई रुजू होतात. हातात बी.पी.एड.ची पदवी असते, अंगात चपळाई असते, एखाद्या खेळातले पदकही असते. एवढ्या भांडवलावर पन्नास मुलांचा वर्ग त्यांच्याकडे सोपवला जातो. गणिताच्या तासाला झालेली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. मैदानावरची चूक कधी कधी दहा मिनिटांत जिवावर बेतते. म्हणूनच नवा शिक्षक खरोखर तयार आहे का, हा शिक्षणाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.पी.एड. दोन वर्षांचे, चार सत्रांचे आहे. त्यात सराव पाठही असतात. परीक्षक पाठ टाचण, आवाज, आज्ञा, रांगा, प्रात्यक्षिक यांवर गुण देतात. हे हवेच, पण हे सारे गुण शिक्षकाकडे पाहून दिलेले असतात. खरी परीक्षा मुलांकडे पाहून होते.

मुले किती हलली?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. खेळाच्या तासात मात्र बरीच मुले रांगेत पाळी येण्याची वाट पाहत उभी असतात. अमेरिकेत १९९१ साली मांडलेल्या ‘सोफिट’ या पद्धतीत निरीक्षक ठरावीक सेकंदांनी एकेका मुलाकडे पाहतो आणि ते आडवे आहे, बसले आहे, उभे आहे, चालते आहे की त्याहून जोरात हालचाल करते आहे, याची नोंद करतो. तासाचा निदान निम्मा वेळ मुले हलती असावीत, अशी अपेक्षा असते. घड्याळ आणि वही एवढ्यावर कोणताही मुख्याध्यापक हे पाहू शकेल.

मागे राहिलेले मूल

पुढे धावणाऱ्या मुलाला शिक्षकाची फारशी गरज नसते. लठ्ठ, अशक्त किंवा दमा असलेल्या मुलाला असते. ‘बाद’ होण्याच्या खेळात हीच मुले सर्वांत आधी बाहेर बसतात. ज्यांना व्यायाम जास्त हवा, त्यांनाच तो कमी मिळतो. तयार शिक्षक खेळाचे नियम बदलून त्यांना आत ठेवतो. व्यायामामुळे येणारा दमा पुष्कळदा धावणे थांबल्यावर काही मिनिटांनी खोकल्याच्या रूपाने दिसतो. त्याला ‘नाटक’ म्हणणारा शिक्षक अजून तयार नाही.

धोका ओळखता येतो का?

प्रार्थनेला उभे असताना चक्कर येणे बहुधा साधे असते. धावता धावता बेशुद्ध पडणे मात्र हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा मुलाची तपासणी होईपर्यंत त्याला पुन्हा धावायला लावू नये. डोक्याला मार लागून गोंधळलेले मूल त्या दिवशी मैदानात परतता कामा नये. उन्हात खेळताना मूल बरळू लागले आणि अंग तापले, तर उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. घाम येतो आहे म्हणून गाफील राहू नये. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलच्या मुलांना तहान आणि अतिश्रम यांतून तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, हेही शिक्षकाला ठाऊक हवे.

हे तोंडी विचारून भागत नाही. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, हे उत्तर पाठ असते. पण गुडघ्यांवर बसून पुतळ्यावर दोन मिनिटे ते करायला सांगितले की हात किती तयार आहेत ते कळते. फोन कोण करणार, बाकीच्या मुलांना कोण सांभाळणार, हेही तिथेच विचारावे.

शिक्षा म्हणून व्यायाम

उशिरा आलेल्याला शंभर उठाबशा, ही पद्धत अजून टिकून आहे. सवय नसताना अशा अतिरेकाने स्नायूंच्या पेशी फुटतात, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदीच आहे. शिवाय ज्याला व्यायाम शिक्षा म्हणून भेटला, ते मूल मोठेपणी आपणहून चालायला जाईल, ही आशा कशी धरावी?

पहिल्या सत्रात मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या अनुभवी शिक्षकाने नव्या शिक्षकाचे तीन-चार तास न सांगता पाहावेत, वर उल्लेखलेल्या बाबी तपासाव्यात आणि उणिवा त्याच्याशी बसून बोलाव्यात. नापास करणे हा हेतू नसावा. यातले बहुतेक काही आठवड्यांत शिकता येते. पालकांनीही मुलाचा दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा सिकलसेल वर्षारंभीच पी.टी.च्या शिक्षकांना लेखी कळवावा. ही माहिती दडवल्यास उत्तम शिक्षकही वेळेवर मदत करू शकत नाही.