ल हिरवा होता

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीने सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या बसवल्या. माझ्या आडनावात ल येतो. पाटीवाल्याच्या कॉम्प्युटरमधला फॉन्ट हिंदी वळणाचा, त्यामुळे पाकळ्यांच्या ल च्या जागी दंडाचा ल आला. सेक्रेटरींना म्हटलं, हा ल चुकलाय. ते म्हणाले, "मॅडम, ल तो ल." मराठी लिपीबद्दलच्या २००९ च्या शासननिर्णयाचा दाखला दिला, तर हसले. खरं कारण मी सांगितलंच नाही. माझा ल हिरवा आहे, कोवळ्या मेथीसारखा, आणि या दंडवाल्याला रंगच लागत नाही. रोज घरी येते तेव्हा दारावरचं माझं नाव मध्येच विझलेलं असतं.

ताई असती तर लगेच फोन केला असता. ती म्हणाली असती, "ल हिरवा नसतोच मुळी. ताकासारखा असतो." साठ वर्षं आम्ही यावर भांडलो. आमच्या घरात याला 'अक्षराला रंग लागणं' म्हणत. आईलाही लागत. जगात याला सिनेस्थेशिया म्हणतात हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळलं.

त्याआधी काय होतं? चौथीत मी बाईंना विचारलं, सात पिवळा आणि आठ तपकिरी, मग साती आठे छप्पन्न लाल कसे? हातावर पट्टी बसली. कॉलेजात असताना एका डॉक्टरांनी नीट ऐकूनही न घेता झोपेची गोळी लिहून दिली. ती मी दोन महिने घेतली. झोप छान लागली आणि सात पिवळाच राहिला.

सिनेस्थेशियाचा इतिहास थोडक्यात उरकते. १८१२ मध्ये गेओर्ग झाक्स या डॉक्टरने आपल्या जन्मजात वर्णहीनतेवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला आणि त्यात जाता जाता अक्षरांचे, आकड्यांचे रंगही नोंदवले. १८८० च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टनने अशी माणसं शोधून काढली आणि हे घराण्यातून येतं हेही त्याच्या लक्षात आलं. पुढे वर्तनवाद्यांचं राज्य आलं. उंदराने कळ दाबली तर ते विज्ञान, माणसाने आतलं काही सांगितलं तर ती बडबड. माझं सगळं शिक्षण त्या राज्याच्या शेपटाखाली झालं, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

आमचं खरं दशक २००३ ला सुरू झालं. ताईचा मुलगा अमेरिकेहून येताना मे महिन्याचा 'सायंटिफिक अमेरिकन' घेऊन आला. त्यात मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन आणि हबर्ड यांचा लेख. मेंदूत आकड्यांचा आकार ओळखणारा भाग आणि रंग ओळखणारा भाग सख्खे शेजारी असतात. काहींच्या मेंदूत एका खोलीत दिवा लावला की दुसरीतही उजेड पडतो, असा त्यांचा कयास. ताईने लेख दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "आई वेडी नव्हती गं." आईला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

लेखात एक चाचणी होती. पाचांच्या गर्दीत दोनांचा त्रिकोण लपवलेला, आणि रंग दिसणाऱ्याला तो चटकन सापडावा. पण आकडे इंग्रजी. आम्ही ते मराठीत केलं. ताईने वहीचं पान ९ ने भरलं आणि मध्ये १ चा त्रिकोण पेरला. आमच्या ह्यांनी पान उलटसुलट धरून बराच वेळ घालवला. मला आधी सापडला, पण एका नजरेत नाही, शोधावाच लागला. पुढे २०१० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनीही तेच म्हटलं: त्रिकोण लवकर सापडतो, पण आपसूक उसळून वर येत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला हे आधीच कळलं होतं, याचा मला उगाच अभिमान आहे.

दुसरी चाचणी सायमन बॅरन-कोहेन यांची, १९९३ ची. शब्दांचे रंग विचारायचे आणि वर्षाने न सांगता पुन्हा विचारायचे. अशा माणसांची नव्वद टक्क्यांहून जास्त उत्तरं तीच आली. इतरांना आठवड्यातच विचारलं, तरी चाळीस टक्केही जुळेनात. आम्ही दोघींनी मुळाक्षरांच्या याद्या केल्या, पाकिटात घालून तारीख टाकली आणि ती गोदरेजच्या कपाटात ठेवली. वर्षाने माझी दोन अक्षरं चुकली, ताईचा फक्त झ. एकच चुकलं, हे तिने मरेपर्यंत मला ऐकवलं.

दशक संपता संपता, २०१३ मध्ये, फ्रिजवर चिकटवायच्या रंगीत अक्षरांचा अभ्यास आला. अकरा माणसांचे रंग लहानपणच्या त्या खेळण्याशी जुळत होते. मग आम्हीही माळ्यावरची ट्रंक काढली. अंकलिपीची पानं कसरीने जाळीदार केलेली. ल लसणाचा, लसूण पांढरा. ताई जिंकल्यासारखी हसली. माझं एकही अक्षर जुळलं नाही. माझा हिरवा आला कुठून, हे मला आजही ठाऊक नाही.

आता रील्सवर ज्याला त्याला सिनेस्थेशिया असतो. 'मला सोमवार निळा वाटतो' म्हटलं की लाइक्स. परवा एका तिकीट लावलेल्या कार्यक्रमात रागाबरोबर दिवे बदलत होते, अत्तर फवारत होते, आणि निवेदक सांगत होता की हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात स्वरांना रंग दिले हे खरं. पण त्याने स्वरांना दैवतं दिली आणि जातीही दिल्या. ती मांडणी आहे, षड्ज लावल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे कमळाचा रंग यायचा याचा तो पुरावा नव्हे. ज्ञानेश्वरांनी कानांना जिभा फुटवल्या, ते काव्य. आणि गळा गोड म्हणणं ही नुसती बोलण्याची रीत. या निवेदकाला कुणी वर्षाने परत विचारणार नाही.

त्या दहा वर्षांत लोक आम्हाला तपासत होते. आता नुसतंच खरं मानतात. मला तपासलेलं बरं वाटत होतं.

पाटी मी उतरवून ठेवली आहे. कोपऱ्यावरचा पेंटर हाताने लिहून देतो म्हणालाय. सोसायटीने दंड लावला तर भरीन.

तुमच्या घरातलं एखादं पोर पाढे म्हणता म्हणता सात पिवळा असतो म्हणालं, तर पट्टी उचलू नका, रीलही काढू नका. आठ कसा असतो ते विचारा, लिहून तारीख टाका आणि कागद कपाटात ठेवा. वर्षाने पुन्हा विचारा.