घनतेचा नकाशा आणि वाड्यावरचा एकटा रुग्ण

कोविडच्या साथीत गोव्याच्या आरोग्य सेवा संचालनालयाच्या दैनंदिन पत्रकात सक्रिय रुग्णांची संख्या आरोग्य केंद्रनिहाय दिली जात असे आणि त्या तक्त्यात डिचोली, साखळी, पेडणे, कासारवर्णे यांच्या जोडीने मये या गावाचेही नाव असे. रुग्णाचे नाव वा घर न सांगता साथ कुठे दाटली आहे हे त्यातून कळे. परंतु आकडा एक किंवा दोन एवढाच असतो, तेव्हा नाव गाळणे पुरेसे ठरत नाही. जेथे घरोघरची ओळख असते, तेथे अमुक वाड्यावर क्षयाचा एक रुग्ण आहे एवढे छापले, तरी तो कोण हे शोधायला कोणालाही संगणक लागत नाही.

दुसरी अडचण अशी, की अशा नोंदी एका जागी नसतात. मयेतील एखाद्या रुग्णाची पहिली नोंद गावच्या केंद्रात, पुढची डिचोलीत आणि त्यानंतरची बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात असू शकते, तर शेजारच्या दोडामार्गातून बांबोळीला येणाऱ्या रुग्णाच्या आधीच्या नोंदी महाराष्ट्रात राहतात. सर्व नोंदी एका भांडारात ओतल्यास रुग्णांच्या घनतेचा नकाशा सहज काढता येईल, पण एका गळतीत सगळेच उघडे पडेल. म्हणून नोंदी जिथल्या तिथे ठेवून प्रश्न त्यांच्याकडे पाठवायचा आणि परत फक्त गोषवारा घ्यायचा, ही संघीय विश्लेषणाची पद्धत पुढे आली. डेटाशील्ड ही प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. भारतात 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही नोंदी मूळ संस्थेकडेच ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे.

घनतेचा नकाशा या पद्धतीने काढताना प्रत्येक संस्थेचा सर्व्हर ठरलेल्या प्रदेशावर सारख्याच चौकोनांची जाळी टाकतो, प्रत्येक चौकोनात किती रुग्ण पडतात ते मोजतो आणि केवळ ही मोजणी पाठवतो. तिच्या बेरजेवरून गडद-फिका रंग भरला जातो. ज्या चौकोनात ठरावीक उंबरठ्यापेक्षा, समजा तीनपेक्षा, कमी माणसे असतील, तेथे सर्व्हर शून्य लिहितो. जाळीची कडाही जपावी लागते, कारण ती अगदी टोकाच्या नोंदीला टेकवली, तर त्या टोकावरचा माणूसच दाखवला जातो. यासाठी कडा थोडी यादृच्छिकपणे सरकवतात. याशिवाय प्रत्येक बिंदूऐवजी त्याच्या जवळच्या काही बिंदूंचा मध्यबिंदू दाखवणे किंवा प्रत्येक स्थानात थोडी यादृच्छिक भर घालणे, असेही उपाय आहेत. भर घालताना मात्र ती दर वेळी नवी असता कामा नये. तसे झाले, तर तोच प्रश्न शंभरदा विचारून उत्तरांची सरासरी काढणाऱ्याला खरे स्थान जवळजवळ हाती लागते.

खरी कोंडी उंबरठ्यापाशी आहे. समजा, मयेतील एका वाड्याचे दोन रुग्ण डिचोलीत आणि दुसरे दोन बांबोळीत नोंदले गेले. एकूण चार, म्हणजे दाखवण्याजोगे, पण प्रत्येक सर्व्हर आपले दोन झाकतो आणि नकाशावर तो वाडा निरोगी दिसतो. यावर असा तोडगा आहे, की सर्व्हरांनी आपापल्या आकड्यात आपसांत ठरवलेले, बेरजेत एकमेकांना रद्द करणारे गुप्त आकडे मिसळावेत, म्हणजे बेरीज करणाऱ्याला कोणाचाही सुटा आकडा न कळता एकूण चारच कळतील. मात्र एकूण एकच निघाल्यास तो एकही त्याला दिसेल, म्हणून बेरीज कोणाच्या हाती हा प्रश्न उरतोच, आणि तो गणिताचा नसून विश्वासाचा आहे.

शहराला हा उंबरठा जाणवत नाही. पणजीच्या चौकोनात माणसे पुरेशी असतात. खेड्यांच्या बाबतीत मात्र ज्यांना आरोग्यसेवेची गरज जास्त, तीच ठिकाणे नकाशावरून पुसली जाण्याचा धोका आहे. झाकलेल्या चौकोनाला वेगळा रंग द्यावा, ही सूचना वरवर योग्य वाटते, पण तो रंगच तेथे एक-दोन रुग्ण आहेत अशी चुगली करतो. त्यापेक्षा विरळ वस्तीचे चौकोन मुळातच मोठे आखावेत, मयेचे वाडे एकत्र धरावेत आणि नकाशाखाली स्पष्ट लिहावे, की येथील शून्याचा अर्थ रुग्ण नाहीत असाच घेऊ नये.