टाकीची बैठक

घर बांधताना पाण्याच्या टाकीचा विषय आपण अगदी शेवटी हातात घेतो. फरशी बसली, रंग झाला, वास्तुशांतीची तारीख ठरली, की कुणाला तरी आठवते, 'अहो, टाकी कुठं ठेवायची?' त्यावर ठरलेले उत्तर येते, 'ठेवा गच्चीवर कुठंतरी.' शिरोळ भागात अनेक वर्षे बांधकामांवर देखरेख करताना हे 'कुठंतरी' मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आज त्यावरच बोलावे म्हणतो.

आधी वजन पाहू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन भार झाला, आणि तो चौरस मीटरभर जागेत एकवटलेला. माणसांच्या वावरासाठी असलेल्या सपाट गच्चीवर आपल्याकडच्या मानकांनुसार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. म्हणजे टाकीखालचा भार त्याच्या सहापटीहून जास्त. स्लॅब लगेच खाली येत नाही, कारण भार आजूबाजूला पसरतो. पण हा भार रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तिथेच असतो आणि त्याच्याच खाली बहुतेक घरांत झोपायची खोली असते. अमेरिकेत घरामागच्या लाकडी डेकवर गरम पाण्याचा टब ठेवण्याची हौस आहे. नेहमीचा डेक चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भारासाठी बांधलेला असतो. पाणी आणि माणसे मिळून टब त्याच्या दुपटीहून पुढे जातो. म्हणून तिथे टबाखाली वेगळे खांब देतात. हौस वेगळी, हिशेब तोच.

तेव्हा टाकी दोन खांबांना जोडणाऱ्या बीमवर किंवा जिन्याच्या भिंतींवर घ्यावी, स्लॅबच्या मधोमध नव्हे. जुन्या घराच्या भिंती मातीत बांधलेल्या असतील, तर माझे मत स्पष्ट आहे : वर टाकी नकोच. ती अंगणात वेगळ्या चौथऱ्यावर ठेवावी. पण आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट बांधलेला चौथरा दोन-चार वर्षांत एका अंगाला कलतो. काळी माती उकरून काढावी, मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावा, आणि मगच बांधकाम.

आता समपातळीकडे वळू. 'सपाट' आणि 'समतल' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही. गच्चीचा कोबा सपाट असतो, पण समतल नसतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभराला एक उतार धरला, तरी टाकीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सेंटीमीटरभर फरक पडतो. उलट एखादी जागा चारही कोपऱ्यांत समतल असून मध्ये खडबडीत असू शकते. प्लॅस्टिकच्या टाकीला यातले जास्त घातक काय? माझ्या मते खडबड. सेंटीमीटरभर कलाने टाकी फुटत नाही. बुडाखाली राहिलेला एक खडा मात्र उन्हाने मऊ झालेल्या प्लॅस्टिकमध्ये रुतत जातो आणि कधीतरी तिथेच चीर पडते. चार सिमेंट ब्लॉकवर टाकी ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. टाकीचे बूड सगळीकडून टेकले पाहिजे. अधांतरी राहिलेला भाग पाण्याच्या वजनाने खाली ओघळतो.

समपातळी शोधायला पाण्यासारखे साधन नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे बघा. दोन टोके दोन कोपऱ्यांत उभी धरली की पाणी स्थिरावते, तिथे खूण करायची. पाणसळही चालते, पण छोट्या पाणसळीचा बारीकसा फरक लांब अंतरावर वाढत जातो. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराने इथल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर गढूळ रेघ सोडली होती. ती नीट पाहिली असेल त्यांना आठवेल : एकाच गल्लीत कुणाच्या दाराच्या कडीला, कुणाच्या खिडकीच्या चौकटीला, पण रेघ एकाच पातळीत. कुणाचे जोते किती वर आहे, ते त्या रेघेने कुणालाही न विचारता सांगून टाकले. आपल्याच तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे 48 खांब आहेत. त्यांचे माथे एका पातळीत नसते, तर वरचे दगड बसलेच नसते.

गच्चीवर टाकीची बैठक करताना कोबा फोडू नका, गळती आमंत्रण देऊन येईल. बीमच्या रेषेवर विटांच्या दोन बुटक्या भिंती घ्या, मध्ये पावसाच्या पाण्याला वाट ठेवा, आणि त्यांवर चार इंच जाडीचा सळईचा स्लॅब ओता. सळई किती आणि कशी, हे इंजिनिअरला विचारा. नुसती शहाबादी फरशी टाकून भागवू नका. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. स्लॅब टाकीच्या बुडापेक्षा सगळीकडून चार बोटे मोठा असावा. कोपऱ्यांत नळीच्या खुणेप्रमाणे ठिय्ये द्या, वर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी फिरवा. पट्टीखाली कुठे उजेड दिसला, तर माल ओला आहे तोवरच दुरुस्त करा. मग किमान दहा दिवस पाणी मारा. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो. मुहूर्त तोंडावर आला, की तिसऱ्याच दिवशी टाकी चढवतात. तीन-चार आठवडे थांबलेला स्लॅब आणि तीन दिवसांचा स्लॅब दिसायला सारखेच असतात, एवढीच अडचण आहे.

टाकी ठेवण्याआधी जागा झाडून घ्या, हाताने चाचपा. पहिल्यांदा भरताना पाव टाकी भरा, थांबा, बूड कुठे फुगते का पाहा, मग पुढे भरा. बाहेर जाणारा पाईप टाकी भरून बसल्यावरच पक्का करा. नाहीतर ती किंचित खाली बसते आणि सगळा ताण जोडावर येतो. वळवाच्या दिवसांत टाकी रिकामी ठेवू नका, वाऱ्याने ती गच्चीवरून खाली येते.

अंगणातल्या टाकीचे गणित पुराच्या वेळी वेगळे होते. तीस किलोची रिकामी टाकी वीतभर पाण्यातसुद्धा तरंगू लागते आणि जोड उपसून वाहून जाते. पुराचा इशारा मिळाला की टाकी काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, दोरखंडाने खांबाला बांधा, आणि मगच घर सोडा. परत आल्यावर आतले पाणी वापरू नका. ते सोडून द्या, टाकी घासून ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, आणि पुन्हा भरण्याआधी बैठकीवर नळी धरून पातळी एकदा तपासा. पुरात फुगलेली काळी माती वाळताना खचते, तेव्हा हीच तपासणी दिवाळीनंतर आणखी एकदा करा.